मातीची भिंत मातीनेच: फ्लॉरेन्समधल्या जुन्या घराची दुरुस्ती

कच्च्या विटांच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला की भिंत आतून खचायला लागते. बाहेरून ती टणक दिसते, रंगही छान बसतो, आणि आत पायथ्याशी विटांची परत माती होत असते. आमच्या घराचं हेच झालं होतं. ॲरिझोनातल्या फ्लॉरेन्स या छोट्या वाळवंटी गावात, तिथल्या जुन्या वस्तीत, आम्ही एक घर घेतलं आणि त्याची रस्त्याकडची भिंत दुरुस्त केली. गवंडी मदतीला होते, पण बरंचसं काम मी आणि नवऱ्याने स्वतःच्या हातांनी केलं. परवानगीपासून चुन्याच्या शेवटच्या हातापर्यंत काय काय करावं लागलं, ते इथे लिहिते आहे.

आधी गावाविषयी. फ्लॉरेन्स फिनिक्सच्या आग्नेयेला, हिला नदीजवळ आहे. लेव्ही रगल्स यांनी ते १८६६ मध्ये वसवलं. १८७५ मध्ये जवळच्या डोंगरात सिल्व्हर किंग ही चांदीची खाण सापडली, त्याच वर्षी पिनाल काउंटी तयार झाली आणि फ्लॉरेन्स तिचं मुख्य ठिकाण झालं. बाहेरच्या माणसांना हे गाव तुरुंगाचं गाव म्हणून माहीत असतं, कारण राज्याचा तुरुंग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युमाहून इथे आला. मला मात्र गाव समजलं ते मेन स्ट्रीट आणि तिच्या आजूबाजूच्या गल्ल्यांतून पायी फिरताना. १८९१ चं विटांचं कोर्ट तिथे आहे. त्याच्या मनोऱ्यावरच्या घड्याळाला यंत्रच नाही, तबकडीवर रंगवलेले काटे कायम ११ वाजून ४४ मिनिटं दाखवतात. त्याआधीचं कोर्ट १८७८ चं, कच्च्या विटांचं. सिनेटर, गव्हर्नर आणि पुढे राज्याचे सरन्यायाधीश झालेले अर्नेस्ट मॅकफार्लंड यांनी ती इमारत विकत घेऊन राज्याला दिली, म्हणून ती टिकली. आता ते मॅकफार्लंड स्टेट हिस्टॉरिक पार्क आहे. ही सगळी जुनी वस्ती १९८२ मध्ये ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत गेली.

इथली सगळ्यात जुनी घरं सोनोरा पद्धतीची आहेत; सोनोरा म्हणजे सीमेपलीकडचं मेक्सिकोतलं राज्य. पुढे अंगण नाही, भिंत थेट रस्त्याला लागून. मधोमध आरपार जाणारा बोळ, त्याला सगुआन म्हणतात, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना खोल्या. वर सपाट छप्पर: तुळया, तुळयांवर सग्वारो निवडुंगाच्या वाळलेल्या लांब काड्या, त्यावर गवत आणि मग मातीचा जाड थर. धाब्याच्या घरात राहिलेल्या माणसाला हे छप्पर वेगळं समजावून सांगायला नको. १८७९ मध्ये रेल्वे कासा ग्रांदे या गावापर्यंत आली, कापीव लाकूड आणि पत्रा स्वस्त झाला, तेव्हा बऱ्याच घरांवर उतरती छपरं चढली. आमच्याही घरावर पत्रा आहे आणि त्याच्या खाली जुनं मातीचं छप्पर जसंच्या तसं आहे. माळ्यावर टॉर्च घेऊन सरपटत गेलं की सग्वारोच्या काड्या अजून ओळीने दिसतात. हे छप्पर आम्ही मुळीच हलवायचं नाही असं ठरवलं. सग्वारोला राज्याच्या कायद्याचं संरक्षण आहे, मनात आलं म्हणून नवा तोडून आणता येत नाही. त्यामुळे ज्या काड्या आहेत त्या सांभाळणं हाच मार्ग.

आमच्या घराच्या जुन्या सर्वेक्षणाच्या कागदावर मालकाचं नाव आहे, व्यवसाय आहे, छपराचा प्रकार आहे. विटा कुणी पाडल्या, भिंत कुणी रचली, ते नाही. ही घरं बांधणारे हात मोठ्या संख्येने सोनोरातून आलेल्या मेक्सिकन कारागिरांचे होते, आणि जुन्या घरांच्या पाट्यांवर त्यांचा उल्लेख क्वचित सापडतो. मला हे खटकतं. घराचं कौतुक करताना ज्याने पायाने चिखल तुडवला त्याचं नाव नसावं, हे बरोबर नाही.

परवानगीबद्दल लोकांच्या मनात दोन गोष्टींची सरमिसळ असते. राष्ट्रीय नोंदवहीत नाव असल्यामुळे खासगी मालकावर स्वतःच्या पैशाने काम करताना कसलीही बंदी येत नाही. तो मान आहे, शिवाय काही सवलतींचं दार उघडतं. बंधन येतं ते गावाच्या स्वतःच्या नियमांमुळे. फ्लॉरेन्समध्ये ऐतिहासिक वस्तीची सल्लागार समिती आहे. बाहेरून दिसणारा बदल करायचा तर कागद तिच्यापुढे जातात आणि सभा सगळ्यांसाठी खुली असते. आम्ही भिंतीचे फोटो, मोजमापं, कुठली माती, कुठला चुना, कोणत्या क्रमाने काम, असं सगळं लिहून दिलं. खिडक्यांवर जास्त चर्चा झाली. पुढच्या दोन्ही खिडक्या जुन्या लाकडी, वर-खाली सरकणाऱ्या आहेत. आम्ही त्या दुरुस्त करणार होतो म्हणून गोष्ट सोपी गेली. प्लॅस्टिकच्या नव्या बसवायच्या असत्या तर ते प्रकरण तिथेच अडलं असतं, आणि अडायलाच हवं होतं.

समिती ज्या निकषांवर बोलते ते अमेरिकेच्या इंटीरियर विभागाचे आहेत, म्हणजे देशाच्या जमिनी आणि राष्ट्रीय उद्यानं सांभाळणाऱ्या खात्याचे. त्यांचा गाभा साधा आहे. बदलण्यापेक्षा दुरुस्त करा. दुरुस्त करताना मूळचंच साहित्य वापरा. नवं काही घालायचं असेल तर ते जुन्याशी जुळावं, पण त्याने जुनं असल्याची बतावणी करू नये. मला हे तीनही मुद्दे कागदावर वाचताना पटले होतेच, भिंत उघडल्यावर ते किती व्यवहारी आहेत हे कळलं.

भिंत उघडली ती एका टोकापासून, दोन-तीन फुटांच्या पट्ट्यांत. आमचे गवंडी सत्तरीच्या पुढचे, आजोबा-पणजोबांपासून हेच काम. त्यांची माणसं त्यांना ‘मायेस्त्रो’, म्हणजे उस्ताद, म्हणतात, मीही तेच म्हणू लागले. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "सेन्योरा, एकदम सगळं काढायचं नाही. कधी कधी त्या गिलाव्यानेच भिंतीला धरून ठेवलेलं असतं." म्हणून आधी आतल्या बाजूने छपराच्या तुळयांना लाकडी टेकू दिले आणि मगच छिन्नीला हात लावला.

गिलाव्याखाली कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली जाळी होती, लांब खिळ्यांनी विटांत ठोकलेली. जाळी ओढली तशी गिलाव्याची पाटी सुटून आली आणि मागून माती नुसती ओघळली. जमिनीपासून गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत विटा अशा नव्हत्याच. बोट घातलं तर दुसऱ्या पेरापर्यंत आत जात होतं. विसेक इंच जाडीची भिंत, पण पायथ्याशी बाहेरून सहा-सात इंच पोखरलेली. पोकळीच्या वरच्या कडेला पांढरा लोणा, कापसाच्या बारीक तंतूंचा असावा तसा, हात लावला की झडणारा. त्याच्या वर फूटभर गेलं की वीट कोरडी, घट्ट, आणि तिच्यात गवताची काडी अजून पिवळी. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी कुणीतरी मळलेल्या चिखलातली ती काडी मी काढून पाहिली, वाकवली, तर ती मोडली नाही, वाकली.

हे का होतं ते सांगते. माती जमिनीतून ओल वर ओढते, ते तिच्या स्वभावात आहे. मातीचा किंवा चुन्याचा गिलावा असेल तर ती ओल बाहेरच्या बाजूने उडून जाते. इथल्या कोरड्या हवेत तर फारच लवकर. सिमेंटचा थर तिला बाहेर पडू देत नाही. मग पाणी वाट शोधत आणखी वर चढतं, सोबत क्षार नेतं, आणि जिथे सुकायला जागा मिळते तिथे क्षारांचे स्फटिक होऊन विटेचे कण सुटे करतात. खालच्या ओल्या विटांची भार पेलण्याची ताकद जाते. सिमेंट आणि माती उन्हात सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत, म्हणून गिलाव्याला बारीक भेगा पडतात. त्या भेगांतून पावसाचं पाणी आत जातं आणि तिथेच अडकतं. म्हणजे जो थर पाण्यापासून वाचवायला लावला, तोच पाणी साठवून ठेवतो.

पण वाळवंटात एवढं पाणी येतं कुठून? गावात वर्षाला जेमतेम दहा इंच पाऊस. मायेस्त्रोंनी भिंतीकडे पाहायच्या आधी वर पाहिलं होतं. छपरावर जुना पाण्याचा कूलर होता, इथे त्याला स्वॅम्प कूलर म्हणतात. कूलरमधलं पाणी उडत राहतं आणि त्यातले क्षार टाकीत साठत जातात, म्हणून थोडं पाणी सतत बाहेर सोडायची एक बारीक नळी असते. ती नळी या भिंतीच्या कोपऱ्यात येऊन टपकत होती. कित्येक उन्हाळे, नुसतं पाणीच नाही, मुद्दाम बाहेर टाकलेलं खारं पाणी. दुसरीकडे, भिंतीच्या पायाला लागून मागच्या कुणा मालकाने काँक्रीटचा पट्टा ओतला होता, त्यामुळे जमिनीतली ओल बाहेर निघायची ती भिंतीतूनच. आणि कोपऱ्यात गुलाबाच्या झाडांना ठिबक सिंचन. तिन्ही गोष्टी आधी बंद केल्या. नळी दूर परसात नेली, पट्टा फोडून काढला, जमिनीला भिंतीपासून दूर उतार दिला, गुलाब हलवले. माझं आता ठाम मत आहे की मातीच्या घराची अर्धी दुरुस्ती ही पाण्याची वाट बदलण्यात असते, आणि त्या कामाला खर्च सगळ्यात कमी येतो.

त्यानंतर थांबायचं. भिंत उघडी ठेवून सावकाश वाळू द्यायची. मोठे पंखे नाहीत, हीटर नाही; घाई केली तर पृष्ठभाग आधी सुकतो, आकसतो आणि तडे जातात. हे महिने हिवाळ्यातले निवडले होते. इथे जुलै ते सप्टेंबर पावसाळ्याचा, धुळीच्या वादळांमागून अर्ध्या तासात रस्त्याचा ओढा करणारा पाऊस येतो. तेव्हा उघडी मातीची भिंत ठेवणं म्हणजे ती गमावणं.

वाळवणीच्या त्या काळात आम्ही कूलिज गावाजवळच्या कासा ग्रांदे याच नावाच्या प्राचीन इमारतीच्या अवशेषांपाशी बऱ्याचदा गेलो. फ्लॉरेन्सहून ते जवळ आहेत. चार मजली उंचीचं ते महाघर चौदाव्या शतकात इथल्या प्राचीन सोनोरन वाळवंटी लोकांनी, पुरातत्त्वाच्या भाषेत होहोकाम लोकांनी, बांधलं. त्यात विटा नाहीतच. जमिनीखाली सापडणाऱ्या कॅलिची या चुनखडीयुक्त मातीचा घट्ट चिखल करून थरावर थर हातांनी रचला आहे. पायथ्याशी भिंत चारेक फूट जाड. १८९२ मध्ये राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांनी ती जागा राखीव केली, अमेरिकेत प्रागैतिहासिक अवशेषांसाठी अशी राखीव केलेली ती पहिलीच जागा. पावसापासून वाचवायला १९३२ मध्ये त्यावर पोलादी खांबांचं मोठं छत्र उभारलं, ते अजून आहे. तिथल्या भिंतींवर थर संपून नवा थर सुरू होतो त्या आडव्या रेषा स्पष्ट दिसतात. मी त्या रेषांकडे फार वेळ पाहत बसले. माती सहाशेहून अधिक वर्षं उभी राहू शकते, हा पुरावा डोळ्यांसमोर असला की शेजारी येऊन "मातीचं काय खरं" म्हणाले तरी मन डगमगत नाही.

आता माती. दुरुस्तीसाठी बाजारातल्या अडोबी, म्हणजे कच्च्या मातीच्या, विटा घेता येत नाहीत, कारण त्यांत बहुधा पाण्यापासून बचावासाठी डांबराचा अंश मिसळलेला असतो. ती वीट पाणी घेत नाही आणि शेजारची जुनी घेते. मग ओल जुन्या विटेवरच लोटली जाते. नवी वीट जुनीच्याच कुळातली हवी. म्हणून भिंतीतून पडलेल्या, पण लोणा न लागलेल्या विटांचे तुकडे कुटून काचेच्या बरणीत पाण्यासोबत घुसळले आणि ठेवून दिले. वाळू मिनिटांत तळाशी बसते, गाळ काही तासांत, चिकणमातीला दिवस लागतो. थरांची जाडी पट्टीने मोजली की प्रमाण कळतं. परसात खणलेल्या मातीचीही तीच परीक्षा केली. तिच्यात चिकणमाती जास्त निघाली, म्हणून कोरड्या ओढ्यातली जाड वाळू विकत आणून मिसळली. मायेस्त्रो बरणीकडे फारसं पाहत नव्हते. ते चिखलाचा मुठीएवढा गोळा करून छातीच्या उंचीवरून जमिनीवर टाकत. गोळा फुटून विखुरला तर वाळू जास्त, पसरून चपटा झाला तर पाणी जास्त. बरणी आणि गोळा, दोघांचं म्हणणं जुळलं तेव्हा मिश्रण पक्कं झालं.

खड्ड्यात माती रात्रभर भिजत ठेवायची. सकाळी गवताची तोडलेली काडी टाकून तुडवायची. फावड्याने कालवण्यापेक्षा पायाने तुडवलेला गारा एकजीव होतो. टाचेखाली खडा लागला की तो काढता येतो, कोरडा गठ्ठा लागला की फोडता येतो. लाकडी साचा पाण्यात बुडवायचा, जमिनीवर वाळू भुरभुरायची, गारा कोपऱ्यांत बोटांनी दाबून भरायचा, वरून फळीने सारखं करायचं आणि साचा सरळ वर उचलायचा. उचलताना हात जरा तिरका झाला की वीट एका बाजूला कलते. साधारण सोळा इंच लांब, दहा रुंद, चार जाड. वाळल्यावर अठरा-वीस किलोची. दोन-तीन दिवसांनी तिला कडेवर उभी करायची म्हणजे दोन्ही अंगांनी वारा लागतो. पूर्ण वाळायला चारेक आठवडे. दुपारी ऊन कडक झालं की आम्ही विटांवर गोणपाट टाकायचो, नाहीतर वरचा पापुद्रा आधी सुकून मधोमध तडा जातो. एखादी मोडून आत पाहिली आणि मध्यभागी गडद रंग दिसला, तर अजून ओली.

भिंतीत विटा घालायचं काम मायेस्त्रोंनी स्वतः केलं, आम्ही हाताखाली. पोखरलेला भाग सलग काढत नाहीत. दोन फुटांचा एक कप्पा घट्ट विटेपर्यंत मागे खरवडायचा, त्याच्या शेजारचे दोन कप्पे तसेच ठेवायचे, पुढचा चौथा उघडायचा. पहिला भरून वाळला की मग मधले. अशाने भिंतीचा भार कुणीतरी कायम उचलत राहतं. आत हलकंसं पाणी शिंपडायचं, त्याच मातीच्या पातळ गाऱ्यात वीट बसवायची, जुन्या थरांशी सांधे मोडत न्यायचे. शेवटच्या विटेवरची फट सगळ्यात अवघड. ओल्या गाऱ्याने भरली तर तो वाळून आकसतो आणि वरची भिंत अधांतरी राहते. तिथे जेमतेम दमट गारा थोडा थोडा लाकडी ठोकळ्याने ठासून भरला. त्या ठोकण्याचा आवाज आधी बसका येतो आणि फट पूर्ण भरली की टणत्कार येतो. मायेस्त्रो हातातलं काम थांबवून त्या आवाजावर बोलायचे: "नाही. अजून." आणि मग, "आता झालं."

आतल्या खोल्यांचं वेगळं काही सांगण्यासारखं नाही, मातीचा गिलावा आणि वर चुना. खिडकीवरच्या एका आडव्या लाकडाला वाळवी लागली होती, ते तेवढं बदललं.

बाहेर मात्र चुन्याने घाम काढला. मातीचे दोन हात झाले होते, दुसऱ्यात काडी बारीक. चुना मातीला आपणहून धरत नाही, म्हणून ओल्या मातीवर आडव्या खाचा ओढून ठेवल्या आणि अधूनमधून लहान दगडी चिपा दाबून बसवल्या. एक भाग भिजवून मुरवलेला चुना, तीन भाग चाळलेली वाळू. पाण्यात फड्या निवडुंगाची पानं तुकडे करून भिजत घातलेली. त्यांचा बुळबुळीत रस गाळून चुन्यात घालतात, त्याने गिलावा लवचीक होतो आणि पाणी त्याच्यावरून जरा ओघळून जातं. टुसॉनजवळच्या सान झाव्हिएर देल बाक या अठराव्या शतकातल्या मिशनच्या बाबतीत असंच झालं. विसाव्या शतकात तिथे लावलेल्या सिमेंटने ओल कोंडली, मग ते उतरवून चुना आणि निवडुंगाच्या रसाचा गिलावा परत केला. तिथली पांढरी भिंत जवळून पाहून आलो होतो, त्यामुळे आपल्याला काय हवं आहे ते डोळ्यांसमोर होतं.

वाळवंटात चुन्याचा शत्रू म्हणजे कोरडेपणा. चुना नुसता सुकून पक्का होत नाही, तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन परत दगड होतो, आणि त्यासाठी त्याला दमटपणा लागतो. इथे दुपारच्या वाऱ्यात तो तासाभरात करपतो आणि मग बोटाने खरवडला तरी पीठ निघतं. म्हणून भिंतीसमोर दोऱ्यांवर ओली गोणपाटं टांगली, भिंतीला न चिकटता, आणि दिवसातून कितीदा तरी त्यांच्यावर पाणी मारत राहिलो. शेजारच्या घरातल्या आजी संध्याकाळी नळी घेऊन आपणहून यायच्या, म्हणायच्या, "तुम्ही जेवून घ्या, मी भिजवते." त्यांच्या आईने दर पावसाळ्यानंतर भिंतीला नव्याने चुना दिलेला त्यांना आठवतो. पुढे घरोघरी सिमेंट आलं, तेव्हा तो उद्योग बंद झाला आणि सगळ्यांना सुटका झाल्यासारखं वाटलं, असंही त्या म्हणाल्या. मला तेही समजतं. दरवर्षी भिंतीपाशी वाकायचं, हात पोळून घ्यायचे, आणि पुढच्या वर्षी पुन्हा. सिमेंटवाल्याने "एकदा लावा आणि विसरा" म्हटल्यावर कोण नाही म्हणेल? पण मातीच्या घराला विसरलेलं चालत नाही. गावातल्या पडक्या भिंती पाहत फिरलं की कुठे पन्हळ तुटली आणि कुणी वेळेवर वर चढून पाहिलं नाही, ते ओळखू येतं.

पैशांबद्दल एवढंच सांगते. केंद्र सरकारची वीस टक्के कर-सवलत ऐतिहासिक इमारतींच्या दुरुस्तीला मिळते, पण उत्पन्न देणाऱ्या इमारतींनाच, म्हणजे दुकान, भाड्याचं घर वगैरे. स्वतः राहत असाल तर ती नाही. ॲरिझोनात मात्र अशा घरांसाठी मालमत्ता करात सूट देणारी राज्याची योजना आहे. घर नोंदवहीतल्या वस्तीत ‘योगदान देणारं’, म्हणजे वस्तीच्या ऐतिहासिक ओळखीत भर घालणारं, म्हणून नोंदलेलं असावं लागतं, आणि पंधरा वर्षांचा करार होतो: घराची मूळ ओळख सांभाळायची, दुरुस्ती ठरलेल्या निकषांप्रमाणेच करायची. आमच्यासाठी हा करार म्हणजे आधीच घेतलेल्या निर्णयावर सही होती. जुनं घर घेणाऱ्याने हे कागद काम सुरू व्हायच्या आधी पाहावेत. खिडक्या काढून टाकल्यावर आणि दर्शनी भाग बदलल्यावर घराचा ‘योगदान देणारं’ हा दर्जा जाऊ शकतो, मग कर-सवलतही गेली.

त्यानंतरच्या पावसाळ्यात एका रात्री जोराचा पाऊस झाला. सकाळी भिंत पाहिली तेव्हा पन्हळीखाली हातभर पट्ट्यावर चुना धुतला गेला होता आणि खालची माती दिसत होती. बाकी भिंतीवर ओलीचा गडद रंग दुपारपर्यंत उडून गेला. दोन वर्षांपूर्वी तो डाग आठवडाभर राहायचा. पन्हळीचं तोंड आणखी अर्धा फूट पुढे काढलं आणि ऑक्टोबरात त्या पट्ट्यावर चुन्याचे तीन पातळ हात दिले, प्रत्येक हाताआधी भिंत भिजवून. सकाळभराचं काम.

उत्तरेकडची भिंत अजून सिमेंटखाली आहे. तिच्यावर ठोकून पाहिलं तर दोन ठिकाणी पोकळ वाजतं. समितीकडे कागद दिले आहेत, परसात विटा उभ्या करून वाळत ठेवल्या आहेत, आणि मायेस्त्रो थंडी पडली की येणार आहेत. या वेळी कप्पे खरवडायचं काम ते मला देणार आहेत.